तपकिरी समुद्री शेवाळ आणि त्वचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीरम, शीट मास्क, साबण, बॉडी लोशन, काहीही उचला, पाकिटावर कुठेतरी ‘केल्प’, ‘सीव्हीड’ किंवा ‘मरीन अल्गी’ लिहिलेलं असतंच. किमती काही शे रुपयांपासून पाच आकड्यांपर्यंत. इथे फक्त तपकिरी शेवाळाबद्दलचे प्रश्न घेतले आहेत, कारण सगळ्यांत मोठे दावे त्याच्याच नावावर केले जातात. माझं मत आधीच सांगून टाकते: कोरड्या, ताणल्यासारख्या वाटणाऱ्या त्वचेला ओलावा देण्याचं काम हे शेवाळ खरोखर चांगलं करतं. त्यापुढचे बहुतेक दावे मात्र अजून प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतच आहेत.

तपकिरी शेवाळ म्हणजे नक्की कोणतं? पाण्याच्या टाकीत धरतं ते का?

नाही. टाकीतलं किंवा पावसाळ्यात अंगणात पाय घसरवणारं शेवाळ वेगळं. समुद्रात खडकांना धरून वाढणाऱ्या मोठ्या शेवाळांचे ढोबळमानाने तीन गट आहेत: हिरवं, लाल आणि तपकिरी. तपकिरी शेवाळातही हरितद्रव्य असतं, पण फ्युकोझँथिन नावाच्या नारिंगी रंगद्रव्याखाली ते झाकलं जातं. वाकामे हे जपानी शेवाळ उकळत्या पाण्यात टाकलं की क्षणात हिरवंगार होतं, ते याचमुळे.

या गटातली बाजारात भेटणारी नावं म्हणजे कोम्बू, वाकामे, लॅमिनारिया, फ्युकस, अस्कोफायलम आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं महाकाय केल्प, म्हणजे मॅक्रोसिस्टिस (मोठ्या आकाराच्या तपकिरी शेवाळांना केल्प म्हणतात). आपल्या किनाऱ्यावर सरगॅसम, पॅडिना, टर्बिनारिया, डिक्टिओटा ही मंडळी आहेत.

गोंधळ होतो तो इथे. खरवसासारखी पुडिंगं जमवायला आणतो ते चायना ग्रास लाल शेवाळापासून बनतं. चॉकलेट दुधात घालतात ते कॅराजीननही लालच. सुशीभोवती गुंडाळलेली नोरी लाल. स्पिरुलिना तर या तिघांतही बसत नाही, ते नील-हरित जिवाणूंचं कूळ आहे. त्यामुळे पाकिटावर नुसतं ‘सीव्हीड’ लिहिलेलं असेल तर पुढे काय वाचायचं आहे ते अजून कळलेलंच नाही असं समजा.

त्यात त्वचेच्या कामाचं असतं तरी काय?

हे शेवाळ बरेचदा राहतं कुठे ते आधी पाहा. भरतीला पाण्याखाली, ओहोटीला उघड्या खडकावर, डोक्यावर ऊन, अंगावर सुकत जाणारं मीठ. रोज दोनदा वाळायचं आणि तरी मरायचं नाही, यासाठी ते पाणी धरून ठेवणाऱ्या लांबच लांब शर्करासाखळ्या बनवतं. आपल्या कामाच्या त्याच.

पहिली अल्जिनेट. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये ते वेगळं काढलं. काही जातींत वाळलेल्या वजनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत अल्जिनेटच असतं. पाण्यात ते बुळबुळीत, घट्ट होतं आणि कॅल्शियम भेटलं की गोठतं. दातांच्या दवाखान्यात कवळीचं माप घेताना तोंडात जो थंड, मऊ लगदा दाबून बसवतात, तो अल्जिनेटचाच. पाझरणाऱ्या जखमांवर कॅल्शियम अल्जिनेटच्या पट्ट्या लावतात, त्या जखमेतला स्राव शोषून जेल बनवतात आणि जखम ओलसर ठेवतात. म्हणजे त्वचेवर अल्जिनेटचा वापर ही सौंदर्यप्रसाधनवाल्यांची कल्पना नव्हे, रुग्णालयांत ते रुळलेलं आहे.

दुसरं फ्युकॉइडन. स्वीडनच्या किलिन यांनी १९१३ मध्ये ते शोधलं. शेवाळाला हात लावल्यावर जो चिकट-निसरडा थर लागतो त्यात ते असतं. त्याच्या साखळीवर गंधकाचे गट लटकलेले असतात, आणि दाह कमी करण्याच्या बहुतेक दाव्यांच्या मुळाशी हेच रसायन आहे.

तिसरा गट फ्लोरोटॅनिनचा. चहात किंवा डाळिंबाच्या सालीत टॅनिन असतात तशी ही समुद्रातली, पण फक्त तपकिरी शेवाळातच सापडणारी. ही जोरदार अँटिऑक्सिडंट आहेत. कोरियातल्या जेजू बेटाजवळ मिळणाऱ्या एक्लोनिया कावा या जातीत ती भरपूर असतात, म्हणून कोरियन प्रसाधनांत तिचं नाव सतत दिसतं.

उरलेल्यांत वर आलेलं फ्युकोझँथिन, लॅमिनारिन आणि मॅनिटॉल हे शर्करेच्या जातीतले पदार्थ, आणि खनिजं. खनिजांचा गवगवा फार होतो. त्वचेवर लावून अंगात खनिजं भरून निघतात असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

हे सगळं त्वचेच्या आत शिरतं का?

बहुतेक नाही, आणि दाव्यांची छाननी करायची तर सुरुवात इथूनच करावी. त्वचाशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाही. फ्युकोझँथिन ६५८ डाल्टनचं. एक्लोनियातलं डायेकॉल हे फ्लोरोटॅनिन ७४२. फ्युकॉइडन आणि अल्जिनेट तर हजारो, लाखो डाल्टनच्या घरात.

याचा अर्थ ते निरुपयोगी आहे असं नाही. वरच बसून पातळ पापुद्रा धरायचा, पाणी उडू द्यायचं नाही, खरखरीत पृष्ठभाग गुळगुळीत करायचा, ही कामं बाहेरूनच होतात. पण ‘पेशींच्या मुळाशी जाऊन कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) वाढवतं’ असं वाक्य वाचलं की पेशीपर्यंत ते पोचलं कसं, हा प्रश्न विचारा. काही कंपन्या साखळ्या तोडून लहान तुकडे करतात, काही सूक्ष्म कणांत बंद करतात. ते कितपत साधतं हे उत्पादनागणिक बदलतं.

माणसांवर अभ्यास झालेत का?

झालेत, थोडे. जपानमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास वारंवार सांगितला जातो. फ्युकस वेसिक्युलोससचा एक टक्का अर्क असलेलं जेल दिवसातून दोनदा, पाच आठवडे गालांवर लावलं. वयाबरोबर गालाची त्वचा जाड होत जाते आणि लवचिकता घटते. इथे जाडी थोडी कमी झाली आणि लवचिकता सुधारली. निकाल चांगला आहे. पण पाच आठवडे म्हणजे फार काळ नव्हे, आणि एका जातीच्या एका अर्काचा निकाल दुकानातल्या प्रत्येक शेवाळी क्रीमला लागू होत नाही.

बाकी बराचसा साहित्यसाठा पेशींवरचा आणि उंदरांवरचा आहे. फ्युकॉइडनमुळे कोलॅजन तोडणारी विकरं (एन्झाइम) मंदावतात, फ्युकोझँथिनने अतिनील किरणांमुळे होणारी हानी कमी होते, अशा गोष्टी त्यात दिसतात. मानवी चाचण्यांपैकी अनेक अर्क विकणाऱ्यांच्याच पैशाने झालेल्या असतात. म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत, पण वाचताना ते ध्यानात ठेवावं.

अमेरिकेत प्रसाधनांच्या घटकांची सुरक्षितता तपासणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने तपकिरी शेवाळापासून मिळणाऱ्या ८०च्या आसपास घटकांचा आढावा घेतला तेव्हा मोजकेच घटक ‘सुरक्षित’ म्हणता आले. बहुसंख्य घटकांबाबत निर्णय द्यायला माहितीच अपुरी होती. अपुरी माहिती म्हणजे धोका नव्हे, पण ‘सिद्ध’ हा शब्द किती सैलपणे वापरला जातो ते यावरून कळतं.

रंग उजळतो का? वांग जातो का?

शेवाळाने वांग गेल्याचं ठामपणे म्हणता येईल असं काही माझ्या पाहण्यात नाही. फ्लोरोटॅनिन आणि फ्युकोझँथिन ही मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला अडवतात असं प्रयोगशाळेत दिसतं. मात्र असे प्रयोग बहुधा अळंबीतून काढलेल्या टायरोसिनेजवर केलेले असतात. माणसाचं टायरोसिनेज वेगळं वागतं, म्हणून अळंबीवर चाललेलं रसायन चेहऱ्यावर चालेलच असं नाही.

ओलावा मिळाल्यावर त्वचा प्रकाश जरा जास्त परावर्तित करते, त्यामुळे दोनचार दिवसांत ‘चेहरा उजळला’ असं वाटतं. ते खरंच असतं, फक्त रंग बदललेला नसतो. वांगासाठी सनस्क्रीन आणि त्वचारोगतज्ज्ञ हाच मार्ग. आणि गोरेपणाच्या जाहिरातीत शेवाळ दिसलं तर पाकीट खाली ठेवून पुढे जा.

मुरुमांवर चालतं?

संमिश्र उत्तर आहे. तेलकट त्वचेला जड तेलांपेक्षा शेवाळाचं पाणीदार जेल बरं वाटतं, कारण ओलावा मिळतो आणि चिकटपणा राहत नाही. शेवाळातल्या तोडलेल्या शर्करासाखळ्या जस्ताबरोबर जोडून केलेल्या क्रीमने सौम्य मुरुमांत फरक पडल्याचं २०१२च्या एका नियंत्रित चाचणीत आढळलं होतं. पण त्यात श्रेय शेवाळाचं किती आणि जस्ताचं किती, हे वेगळं काढणं अवघड.

दुसरी बाजू आयोडीनची. आयोडीन खूप पोटात गेलं तर काहींना मुरुमांसारखे फोड येतात, हे डॉक्टरांना जुनं ठाऊक आहे. क्रीममधल्या चिमूटभर अर्काने असं होण्याची शक्यता फार कमी. केल्पच्या गोळ्या सुरू केल्यावर हनुवटीवर फोड आले असतील तर मात्र आधी गोळ्यांवर संशय घ्या.

सनस्क्रीनऐवजी?

नको. ऊन शोषणारे मायकोस्पोरिनसारखे रेणू मुख्यतः लाल शेवाळात असतात, तपकिरीत नव्हे. तपकिरी अर्क सनस्क्रीनमध्ये जोडीला असू शकतो. पाकिटावर एसपीएफचा आकडा नसेल तर ते सनस्क्रीन नाही.

एक्झिमा, सोरायसिस?

आजार आहेत, डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांनी दिलेलं मलम चालू असताना साधं, सुगंध नसलेलं अल्जिनेटयुक्त मॉइश्चरायझर चालेल का एवढं त्यांना विचारा. उललेल्या, ओल्या चट्ट्यांवर घरचे लेप अजिबात नकोत.

बॉडी रॅपने चरबी किंवा सेल्युलाइट कमी होतं का?

शेवाळ थापून प्लास्टिकमध्ये गुंडाळल्यावर घाम येतो, कंबर टेपवर सेंटिमीटरभर कमी भरते आणि दोन पेले पाणी प्यायल्यावर पुन्हा पहिल्यासारखी होते. त्वचा मऊ होते, एवढाच फायदा.

मग परदेशात शेवाळाच्या अंघोळीची परंपरा आहे ती कशासाठी?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर स्लायगो परगण्यात एनिसक्रोन नावाचं गाव आहे. तिथे १९१२ पासूनचं एक स्नानगृह आजही चालतं. गरम केलेलं समुद्राचं पाणी टबमध्ये भरतात, हाताने कापलेलं फ्युकस सेराटस वाफवून त्यात सोडतात आणि माणसाने त्यात पडून राहायचं. अल्जिनेट सुटून पाणी तेल ओतल्यासारखं निसरडं होतं. फ्रान्समध्ये रॉस्कॉफ इथे लुई बागो या डॉक्टरने १८९९ मध्ये समुद्रस्नान-उपचारांची संस्था काढली, तीही सांधेदुखीच्या रुग्णांसाठी. चेहऱ्याचं सौंदर्य वगैरे नंतरचं. खेड्यातले लोक दिवसभर राबून आल्यावर गरम पाण्यात अंग शेकत होते, आणि अंग शेकल्याचा आराम त्यांना मिळत होता. तेवढ्यासाठी ती परंपरा मला आवडते.

अमुक महागड्या क्रीममध्ये आंबवलेलं केल्प असतं म्हणतात. त्यात काय विशेष?

बहुधा तुम्ही ‘क्रेम द ला मेर’बद्दल विचारताय. मॅक्स ह्यूबर या अमेरिकी शास्त्रज्ञाने स्वतःच्या भाजलेल्या त्वचेसाठी वर्षानुवर्षं प्रयोग करून केल्पचं आंबवण तयार केलं, ही कंपनी सांगत आलेली गोष्ट. पुढे १९९५ मध्ये एस्टी लॉडरने तो ब्रँड घेतला. आंबवण्याने मोठ्या साखळ्या तुटून लहान रेणू मिळतात, हे रसायनशास्त्र पटण्यासारखं आहे. पण त्या क्रीमच्या घटकांत खनिज तेल, पेट्रोलॅटम आणि ग्लिसरीनही आहे, आणि कोरड्या त्वचेला त्यांनीही आराम पडतोच. वापरून बरं वाटत असेल तर वापरा. परवडत नसेल तर हळहळ नको.

लेबल कसं वाचायचं?

इथे जरा वेळ देते, कारण पैसे इथेच वाचतात.

भारतात प्रसाधनाचे घटक जास्तीकडून कमीकडे अशा क्रमाने छापावे लागतात. एक टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक मात्र शेवटी कुठल्याही क्रमाने टाकता येतात. आता यादीत ‘फेनॉक्सिइथेनॉल’ शोधा. हे संरक्षक रसायन सहसा एक टक्क्यापर्यंतच घालतात. शेवाळाचं नाव त्याच्या खाली असेल तर अर्क एक टक्क्याहून जास्त नाही, बहुधा कितीतरी कमी.

त्यातही ‘अर्क’ हा शब्द फसवा. अर्क म्हणून जे येतं ते बरेचदा पाणी आणि ग्लायकॉल नावाचा द्रावक, त्यात विरघळलेलं थोडंसं शेवाळ. म्हणजे एक टक्का अर्कात शेवाळाचा सत्त्वांश टक्क्याच्याही अंशात.

नाव पूर्ण लिहिलंय का ते बघा. ‘लॅमिनारिया डिजिटाटा एक्स्ट्रॅक्ट’, ‘फ्युकस वेसिक्युलोसस एक्स्ट्रॅक्ट’, ‘अंडारिया पिनॅटिफिडा एक्स्ट्रॅक्ट’ अशी जात कळणारी नावं बरी. नुसतं ‘अल्गी एक्स्ट्रॅक्ट’ म्हणजे कोणतंही शेवाळ. ‘अल्जिन’ हा वेगळाच पदार्थ वाटतो, पण ते सोडियम अल्जिनेटचंच लेबलवरचं नाव. ते केवळ जेल घट्ट करायलाही घातलेलं असू शकतं, आणि गंमत अशी की त्वचेला दिसणारा फायदा पुष्कळदा त्याचाच असतो, समोर मोठ्या अक्षरांत मिरवणाऱ्या अर्काचा नसतो.

परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक पाकिटावर हवा. इन्स्टाग्रामवरून मागवलेल्या, कोरियन लिपीशिवाय काहीच नसलेल्या डब्या किती खऱ्या ते सांगणं कठीण.

तो पाण्यात कालवून लावायचा ‘रबर मास्क’ म्हणजे हेच का?

हो. सोडियम अल्जिनेट, कॅल्शियमचा क्षार आणि डायटमची (सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांची) माती यांची पूड असते. पाणी घातलं की काही मिनिटांत घट्ट होते आणि पूर्ण सोलून निघते. दातांच्या मापाचंच रसायन, फक्त सुगंधी. मास्कखाली लावलेलं सीरम सुकत नाही, हा त्याचा मुख्य उपयोग. भुवया आणि केसांच्या कडेला आधी थोडं व्हॅसलीन लावा, नाहीतर सोलताना डोळ्यांत पाणी येईल. आणि उरलेला लगदा बेसिनमध्ये ओतू नका. पाइपमध्येही तो तसाच गोठतो.

घरी लेप करता येईल का?

येईल, आणि महाग मास्कपेक्षा फार वाईट होत नाही. खाण्यासाठी विकलं जाणारं वाळलेलं कोम्बू घ्या. मुंबई-पुण्यात जपानी-कोरियन सामानाच्या दुकानांत मिळतं, ऑनलाइनही. त्यावर पांढरी भुकटी असते, ती बुरशी नाही, मॅनिटॉल आहे. तळहाताएवढा तुकडा ओल्या फडक्याने पुसून कपभर पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवा. सकाळी पाणी जवसाच्या काढ्यासारखं बुळबुळीत झालेलं दिसेल. ते गाळून कापसाने चेहऱ्यावर लावा, दहा-पंधरा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा आणि त्वचा ओलसर असतानाच नेहमीचं मॉइश्चरायझर लावा. ही शेवटची पायरी चुकली तर सुकता पापुद्रा उलट त्वचा ताणतो.

पाणी आरओचं किंवा उकळून गार केलेलं घ्या. बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं, त्यात बाजारची अल्जिनेट पूड कालवली तर गुठळ्या होतात.

लिंबू नको, खायचा सोडा नको. मुलतानी माती मिसळायची हौस अनेकींना असते, पण माती तेल आणि ओलावा ओढून घेते, मग शेवाळ कशाला लावायचं? भरड पूड चेहऱ्यावर घासू नका. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये, त्यानंतर झाडांना. त्यात संरक्षक नसतात, जंतू पटकन वाढतात. भिजलेला तुकडा फेकू नका, सुपात चांगला लागतो (थायरॉईडचा त्रास नसेल तर, पुढे वाचा).

मालवण-रत्नागिरीच्या खडकांवरचं शेवाळ आणून लावलं तर?

आपल्या किनाऱ्यावर तपकिरी शेवाळ भरपूर आहे. पावसाळा सरला की खडकाळ किनाऱ्यांवर सरगॅसम वाढायला लागतं. मालवण, रत्नागिरी, गोव्यात हणजुणे, सगळीकडे. हिवाळ्यात ते ऐन भरात असतं. पानांच्या बगलेत मिऱ्याएवढे हवेचे फुगे दिसले की सरगॅसम ओळखावं. पॅडिना पंख्याच्या आकाराचं, त्यावर चुन्याची पांढुरकी वळ्यांची नक्षी असते. तमिळनाडूच्या रामनाथपुरम भागात बायका पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुडी मारून शेवाळ काढत आल्या, त्यातलं सरगॅसम आणि टर्बिनारिया अल्जिनेटच्या कारखान्यांत जातं. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था आणि गोव्यात दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांनी या शेवाळांवर बरंच काम केलं आहे.

तरीही उचलून चेहऱ्याला लावू नका, असंच सांगेन. शेवाळ आजूबाजूच्या पाण्यातले धातू अंगात साठवतं. बंदराजवळचं किंवा नाल्याच्या मुखाजवळचं असेल तर काय साठवलंय ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. सरगॅसमच्या कुळातल्याच हिजिकी या खाद्य शेवाळात असेंद्रिय आर्सेनिक इतकं आढळलं की ब्रिटनने २००४ मध्ये ते खाऊ नका असा सल्ला दिला. शिवाय ताज्या सरगॅसमच्या फांद्यांना बारीक डंख मारणारे जीव चिकटलेले असतात, त्यांच्यामुळे अंगावर पुरळ उठतं. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काहीही काढणं कायद्यात बसत नाही. आणि लाटेने वाळूवर आणून टाकलेलं तर सडायला लागलेलंच असतं.

द्राक्षबागेसाठी आणलेला सीव्हीड अर्क घरात आहे. तो चालेल?

हा प्रश्न नाशिक आणि सांगलीकडून येतो आणि तो विचारणाऱ्याचं तर्कशास्त्र चुकीचं नाही. त्या कॅनमध्ये बऱ्याचदा उत्तर अटलांटिकमधलं अस्कोफायलम नोडोसमच असतं, प्रसाधनांत वापरतात तेच. पण शेतीचा अर्क काढताना बरेचदा पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात. असा अर्क अल्कधर्मी असतो, आणि आपल्या त्वचेचा पीएच पाचच्या आसपास, आम्लधर्मी. वर सूक्ष्म अन्नद्रव्यं मिसळलेली असू शकतात. वेलींनाच फवारा, आणि फवारताना हातमोजे घाला.

मला थायरॉईडचा त्रास आहे. शेवाळाचं क्रीम लावू का?

लावण्याच्या क्रीममधून त्वचेवाटे जाणारं आयोडीन नगण्य असतं, त्यामुळे बहुतेकांना अडचण येत नाही. तरी रोज, अंगभर, महिनोन्‌महिने वापरणार असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

खरी काळजी पोटात घ्यायच्या केल्पच्या गोळ्यांची आणि पुडींची आहे. ‘त्वचा, केस, नखं’ अशी तिहेरी लालूच दाखवून त्या विकल्या जातात. आयोडीनचा शोधच शेवाळाच्या राखेतून लागला. कूर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञाने १८११ मध्ये राखेवर जास्तीचं गंधकाम्ल टाकलं आणि जांभळी वाफ वर आली. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. बाजारातल्या शेवाळांच्या एका तपासणीत हे प्रमाण ग्रॅमला १६ मायक्रोग्रॅमपासून (नोरी) ८,००० पेक्षा जास्त (केल्पचे दाणे) एवढं निघालं. म्हणजे एका ग्रॅममध्ये दीड महिन्याहून जास्त दिवसांचं आयोडीन. आपल्या घरातलं आयोडीनयुक्त मीठ ग्रॅममागे निदान १५ मायक्रोग्रॅम आधीच देत असतं.

इतकं आयोडीन एकदम आलं की थायरॉईड मंदावू शकते किंवा उलट उसळू शकते, विशेषतः हाशिमोटोसारखा थायरॉईडचा आजार असलेल्यांत. थायरॉक्सिनची गोळी चालू असलेल्या कुणीही कातडीसाठी केल्प खाऊ नये. कुणा मैत्रिणीला फरक पडला असेल, तिची थायरॉईड आणि तुमची थायरॉईड एक नाही.

गरोदरपणात?

क्रीम चालतं, गोळ्या नकोत. फक्त शेवाळाच्या क्रीममध्येच रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) दडलेलं नाही ना हे बघा. वय लपवणाऱ्या क्रीममध्ये ही जोडी असू शकते, आणि रेटिनॉल गरोदरपणात टाळायचं असतं.

मला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे. शेवाळ चालेल ना?

कोळंबी प्राणी, शेवाळ वेगळ्याच कुळातलं. एकाची अ‍ॅलर्जी म्हणजे दुसऱ्याची असं नाही. पण समुद्रातून काढलेल्या शेवाळाला बारीक कवचधारी जीव चिकटलेले असू शकतात, म्हणून खाण्याच्या पाकिटांवर तशी सूचना असते. तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर घरचा कोम्बू लेप टाळा.

बाकी सगळ्यांनीही नवं काही चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघावं. खाज, लाली, बारीक पुटकुळ्या आल्या तर थांबा. अशा वेळी दोषी शेवाळच असेल असं नाही, सुगंध आणि संरक्षक रसायनं जास्त वेळा सापडतात.

हे शाकाहारी आहे का?

शेवाळ आहेच. पण ‘मरीन’ शब्दाखाली कोलॅजनही येतं, आणि मरीन कोलॅजन माशांच्या कातडीपासून किंवा खवल्यांपासून काढतात. श्रावण पाळणाऱ्यांनी यादी वाचावी.

किती दिवसांत फरक दिसेल?

ओलावा पहिल्याच दिवशी जाणवतो. खरखरीतपणा कमी व्हायला दोन-तीन आठवडे. सुरकुत्यांबद्दल मी आशा लावणार नाही. दोन महिन्यांत काहीच जाणवलं नाही तर साधं ग्लिसरीनचं लोशन तुम्हाला तेवढंच काम देईल, पाव किमतीत.

सीरम पिवळट आहे आणि मासळी बाजारासारखा हलका वास येतो. खराब झालंय?

हलका समुद्री वास आणि पिवळट-तपकिरी रंग ही अर्काची स्वतःची खूण आहे. पूर्ण रंगहीन, गुलाबाच्या वासाचं शेवाळी सीरम मला उलट जास्त संशयास्पद वाटतं. मात्र कुजका, आंबट वास, वेगळे झालेले थर, किंवा काल घट्ट असलेलं जेल आज पाण्यासारखं पातळ, यांपैकी काही दिसलं तर फेकून द्या. फ्युकोझँथिन उजेडाने, उष्णतेने आणि हवेने लवकर मोडतं, त्यामुळे खिडकीतली पारदर्शक बाटली ही त्याच्यासाठी सगळ्यांत वाईट जागा. पंपाची गडद बाटली घ्या, कपाटात ठेवा. बरणीत बोटं बुडवायची सवय असेल तर छोटीच बरणी आणा. पाकिटावर उघड्या डबीचं चित्र आणि त्यात महिन्यांचा आकडा असतो. डबी उघडल्याची तारीख पेनाने तळाशी लिहून ठेवा आणि महिने त्या तारखेपासून मोजा.